रिकाम्या वॉर्डातली बेल

मला रुग्णालयात दाखल केलं त्या दिवशी माझी तब्येत ठणठणीत होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर ते कोणी ऐकूनच घेतलं नाही. आमच्या ह्यांनीसुद्धा नाही.

मी त्याच रुग्णालयात नोकरीला आहे. ‘एक्झिक्युटिव्ह असिस्टंट’ अशी पाटी माझ्या दारावर आहे. म्हणजे मला दार नाही, टेबलावर आहे. या पदाचा अर्थ मी आजवर अनेकांना समजावून सांगितला, आणि प्रत्येकाने शेवटी “म्हणजे फोन घेता,” असं म्हणून विषय संपवला. आमच्या बिल्डिंगमधल्या खालच्या मजल्यावरच्या काकू तर मला अजून हळूच विचारतात, “तुम्हाला इंजेक्शन देता येतं का हो?” वास्तविक माझं काम फार नाजूक आहे. रुग्णालय चालवणाऱ्या तीन मोठ्या माणसांना आठवडाभर एकमेकांपासून दूर ठेवायचं आणि आठवड्यातून एकदा एका खोलीत आणून बसवायचं, हे माझं काम.

त्यातले पहिले मोठे साहेब. नावाजलेले सर्जन, आता सगळ्या रुग्णालयाचे प्रमुख, त्यामुळे पेशंट सोडून सगळ्यांना भेटतात. दुसऱ्या मॅडम. सगळ्या सिस्टर त्यांच्या हाताखाली; जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज आला की भिंतीला टेकलेली माणसं सरळ उभी राहतात. तिसरे हिशेब बघणारे. त्यांना आम्ही आपसात आकडेसाहेब म्हणतो. त्यांना काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न “किती?” असाच असतो. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी अभिनंदन केलं, तर सवयीने “किती?” म्हणाले आणि मग थँक्यू म्हणाले.

तर झालं असं की आमच्या सभागृहाचं छत गळायला लागलं. थेंब नेमका आकडेसाहेबांच्या खुर्चीवर पडायचा. छताच्या दुरुस्तीला वेळ लागणार होता आणि मीटिंग टाळता येण्यासारखी नव्हती. एक शांत खोली शोधायची, एवढंच माझ्यापुढे काम होतं. त्याचं पुढे जे झालं त्यात माझा दोष एवढाच की मला खोली सापडली.

आमच्या आवारात एक जुनी इमारत आहे. तिच्या खालच्या मजल्यांवर आता सामान ठेवतात. सगळ्यात वरचा मजला नुसताच बंद होता. तिथे पूर्वी वॉर्ड होता, आणि वॉर्डाच्या टोकाला भेटायला येणाऱ्यांसाठी एक मोठी, उजेडाची खोली. मी किल्ली मागायला गेले तर दरवानाने विचारलं, “वर कशाला जाता?”

“मीटिंग आहे.”

“कोणाबरोबर?”

मला तो उद्धटपणा वाटला. मी किल्ली घेतली आणि चालू पडले.

बंद जागेला धुळीचा आणि ओलीचा वास येतो. तिथे नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास होता. मला उलट बरंच वाटलं. म्हटलं, चला, सफाईवाल्यांच्या हातापाया पडायला नको. वॉर्डात दोन्ही भिंतींना टेकून लोखंडी खाटा होत्या, गाद्या नसलेल्या, आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी बेलची वायर आणि वर एक बारकासा लाल दिवा. मी मधून चालत टोकाच्या खोलीपर्यंत गेले. का कोण जाणे, पण चालताना मी पावलं न वाजवता टाकत होते, जशी आपण माणसं झोपलेली असताना टाकतो.

मीटिंगचा विषय गमतीचा होता. म्हणजे आता गमतीचा वाटतो. तीच इमारत पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायची, असा आकडेसाहेबांचा प्रस्ताव होता. मी चहा ओतत होते. आकडेसाहेब म्हणाले, “वरचा मजला तर पूर्ण रिकामा आहे. तिथे कोणीही नाही.”

आणि बेल वाजली.

हॉस्पिटलची बेल ज्यांनी ऐकली आहे त्यांना कळेल. ती दाराच्या बेलसारखी खणखणीत नसते. एक हलकासा सूर, मग थांबणं, मग पुन्हा. दाबणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, पण इलाज नाही, अशी.

तिघंही अनुभवी माणसं. एकानेही दाराकडे पाहिलं नाही. तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

“बघा जरा,” मोठे साहेब म्हणाले.

मी बाहेर गेले. खिडकीजवळच्या शेवटच्या खाटेवरचा लाल दिवा लागलेला होता. उशाशी लोंबणारी वायर अगदी थोडी हलत होती. खिडकी बंद होती. मी तिथे नेमकी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही, पण परत आले तेव्हा चहा निवला होता आणि तिघेही पार्किंगबद्दल जरा जास्तच मोठ्या आवाजात बोलत होते. मी सांगितलं, “जुनी वायरिंग असेल.” तिघांच्याही चेहऱ्यावर माझ्याबद्दल खूप दिवसांनी आदर दिसला.

“पुढच्या मीटिंगच्या आत बंद करून घ्या,” मॅडम म्हणाल्या. झालं. खोली शोधण्याचं काम संपलं आणि बेल बंद करण्याचं सुरू झालं.

मी वायरमनला वर घेऊन गेले. त्याने भिंतीतली पेटी उघडून दाखवली. आतल्या सगळ्या वायरी तोडून टोकांना पट्टी गुंडाळलेली होती. “वॉर्ड हलवला तेव्हाच कनेक्शन काढलंय बाई. इथे करंटच नाही.”

“मग बेल वाजते कशी?”

“वाजत नाही.”

“मी स्वतः ऐकली.”

“करंट नाही तर वाजेल कशी? म्हणजे वाजत नाही.”

तो हे समजावून सांगत असतानाच बेल वाजली. खिडकीजवळचा दिवा लागला. वायरमन क्षणभर त्या दिव्याकडे बघत राहिला. मग त्याने पेटी बंद केली, पेचकस खिशात ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “हे माझ्या खात्यात येत नाही. बेल म्हणजे नर्सिंग.” आणि मला पुढे चालायला सांगून तो मागून उतरला. मग मध्येच त्याला काय वाटलं कोण जाणे, जिन्यात मला ओलांडून तो पुढे झाला.

मॅडमच्या ऑफिसात मला सांगण्यात आलं की बेल वाजते ती पेशंटची. ज्या वॉर्डात पेशंट नाही तिथे बेलही नाही. तक्रारच असेल तर संगणकात नोंदवा. मी संगणकाच्या खोलीत गेले. तिथला माणूस फार सज्जन, कधी कोणाला नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं काम तो मशीनवर सोपवतो.

“खाटेचा नंबर टाकला तर पेशंटचा नंबर मागतंय,” तो म्हणाला.

“पेशंट नाही ना.”

“मग तक्रार जात नाही. पुढे सरकतच नाही बघा.” त्याने मला पडदा वळवून दाखवला. मग त्याला युक्ती सुचली. “नावाला कोणीतरी टाकू या का त्या खाटेवर? तुमचंच टाकतो. तक्रार गेली की काढून टाकू.”

मला हसू आलं. मी हो म्हणाले. आजवर साहेबांसाठी मी विमानतळावरच्या रांगेत उभी राहिले आहे, मॅडमसाठी चष्म्याचा नंबर तपासून आले आहे. नावाला आजारी पडण्यात काय एवढं.

त्याने बटण दाबलं. तक्रार गेली. तो म्हणाला, “आता तुम्हाला काढतो,” आणि मग एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिला.

“काय झालं?”

“काढता येत नाहीये. दाखल झालेल्या पेशंटला डिस्चार्जच द्यावा लागतो. किंवा दुसरं.”

“दुसरं काय?”

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही डिस्चार्जच घ्या,” तो म्हणाला.

मी माझ्या टेबलाकडे परत निघाले तर ऑफिसचं दार माझ्या कार्डाने उघडेना. दरवान म्हणाला, पेशंटना या मजल्यावर परवानगी नाही. मी म्हटलं, अहो, मी रोज तुम्हाला नमस्कार करते. तो म्हणाला, “हो ना बाई. आता आराम करा.” काचेतून मला दिसलं की माझ्या खुर्चीत बिलिंगमधली एक मुलगी बसली आहे आणि माझ्या पेनने लिहिते आहे. संगणकाने एका क्षणात मला आजारी ठरवलं होतं आणि माझ्या जागी बदली माणूसही दिला होता. खरा माणूस आजारी पडला की बदली मिळायला महिना जातो. मी हे स्वतः अनुभवलं आहे.

थोड्या वेळाने मोठ्या साहेबांकडून फुलांचा गुच्छ आला. सोबत चिठ्ठी: ‘आपल्या प्रकृतीत सत्वर सुधारणा व्हावी ही सदिच्छा.’ हे वाक्य मीच लिहून ठेवलेलं आहे. कोण आजारी पडलं, कोण निवृत्त झालं, कोणाचं कोणी गेलं, प्रत्येकासाठी एकेक. ते वाक्य इतकं कोरडं आहे हे मला तोवर जाणवलं नव्हतं.

पण खरा घोटाळा घरी झाला. संगणक पेशंटच्या घरच्यांना मेसेज पाठवतो: ‘आपले रुग्ण दाखल झाले आहेत. भेटीची वेळ दुपारची.’ आमचे हे माझा टॉवेल, दात घासायचा ब्रश आणि स्वेटर घेऊन धावत आले. त्यांच्यामागे माझी नणंद. वन्संच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण तिच्या खाली समाधानही होतं.

“मी म्हणतच होते, चेहरा उतरलाय,” वन्सं म्हणाल्या.

“अहो, मला काही झालेलं नाही. बेलच्या तक्रारीसाठी—”

“तेच ते. दगदग,” वन्सं ह्यांना म्हणाल्या. मी तिथे नसल्यासारखं.

पाठोपाठ खालच्या काकू आणि समोरचे निवृत्त मास्तर. मास्तरांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. “काही होत नाही म्हणताय? असंच असतं. आमच्या साडूंना शेवटपर्यंत काही होत नव्हतं.” काकूंनी झोपताना डोकं कुठल्या दिशेला करायचं ते सांगितलं. ह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “अगं, खरं सांग. माझ्यापासून लपवतेस का?” त्यांचे हात गार पडले होते. मी चेष्टेत काही बोलणार होते, पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहून गप्प बसले.

भेट फक्त पेशंटच्या खाटेशीच घेता येते असा नियम. दरवानाने नियम दाखवला, आणि आमची सगळी वरात जुन्या इमारतीच्या जिन्याने वर निघाली. मी सगळ्यात पुढे, माझ्याच आजारपणाची वाट दाखवत.

खिडकीजवळच्या खाटेवर गादी घातलेली होती. चादर ताणून बसवलेली, कोपरे नीट दुमडलेले. शेजारी टेबलावर झाकलेलं ताट: सूप, उकडलेल्या भाज्या, पाव. ताट संगणकाने पाठवलं असेल हे मला कळत होतं. चादर कोणी घातली हे मी नंतर बऱ्याच जणांना विचारलं. कोणी घातली नव्हती.

ह्यांनी मला बळेच झोपवलं. वन्संनी सूप पाजलं. मी पन्नाशी ओलांडलेली, तीन मोठ्या माणसांचं ऑफिस सांभाळणारी बाई, चमच्याने सूप पीत पडले होते आणि मास्तर माझ्या पायांकडे बघत सुस्कारे टाकत होते. बेल काही वाजली नाही. मला वाटलं, चला, तक्रारीचा उपयोग झाला.

भेटीची वेळ संपली. सगळे निघाले. काकू मागे होत्या. दोन रांगांमधून जाताना त्या इकडेतिकडे बघून किंचित मान हलवत गेल्या, दवाखान्यात ओळखपाळख नसलेल्या पेशंटांकडे बघून आपण हलवतो तशी. दाराशी थांबून त्या मला हळू आवाजात म्हणाल्या, “बिचारे. यांच्याकडे कोणी येत नाही का?”

मी उठून बसले. सगळ्या खाटा रिकाम्या होत्या.

“कोणाकडे, काकू?”

पण काकूंना जिना उतरायला भीती वाटते, त्या ह्यांचा हात धरून निघालेल्या होत्या.

मी खाली येऊन मोठ्या साहेबांना गाठलं. ऑफिसात जाता येत नव्हतं म्हणून त्यांच्या गाडीपाशी उभी राहिले. संगणकाने त्या वॉर्डाचे प्रमुख म्हणून माझ्या आजाराची जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती. डिस्चार्जवर सही त्यांचीच हवी होती.

“सर, एक सही.”

साहेबांनी आयुष्यात माझ्या हातातला कागद वाचून सही केली असेल असं मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी वाचला. खाटेच्या नंबरापाशी त्यांचं बोट थांबलं.

“खिडकीजवळची,” ते म्हणाले.

“हो सर.”

“मी शिकाऊ असताना त्या वॉर्डात होतो.” त्यांनी सही न करताच कागद घडी करून खिशात ठेवला. “न तपासता पेशंट घरी सोडता येत नाही. उद्या सकाळी तुम्ही वर जा. खाटेवर पडा. मी येतो.”

“सर, मला काही झालेलं नाही, आपल्याला माहीत आहे.”

“सगळेच असं म्हणतात,” साहेब म्हणाले. ते विनोद करतायत की काय ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या खाटेवर जाऊन पडले. स्वच्छ ऊन आलं होतं. उन्हात माणसाला भीती वाटत नाही असं मला तोवर वाटायचं. मोठे साहेब आले. त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. तो शोधायला त्यांना कपाटं उचकावी लागली असणार, कारण त्याची जागा फक्त मला माहीत आहे. खुर्ची ओढून ते बसले आणि माझी नाडी धरली. त्यांचा हात मला वाटला होता त्यापेक्षा हलका होता.

तेवढ्यात बेल वाजली.

“तुम्ही दाबली?”

“नाही सर.” माझे दोन्ही हात त्यांच्यासमोर होते.

लाल दिवा माझ्या खाटेवर नव्हता. शेजारच्या खाटेवर होता. आणि मला एकदम एक गोष्ट कळली, आणि कळल्याबरोबर भीतीच्या आधी मला लाज वाटली. ही खाट कोणाची तरी होती. मी तिच्यावर येऊन पसरले, सूप प्यायले, पाहुणे बोलावले, आणि ज्यांची होती ते काही न बोलता बाजूच्या खाटेवर सरकले होते. मी ताडकन उठले, चादर सारखी केली आणि रिकाम्या हवेला म्हणाले, “माफ करा हं. मला ठाऊक नव्हतं.”

साहेब उभे राहिले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते पळाले नाहीत. मला वाटलं होतं पळतील. मी तर जिन्याचा अंदाजही घेऊन ठेवला होता.

“बेल वाजली की जायचं,” ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. “पहिल्या दिवशी तेवढंच शिकवलं होतं आम्हाला. बाकी सगळं नंतर.”

आणि ते शेजारच्या खाटेशी गेले. थोडे वाकले. “कसं वाटतंय आज?” त्यांनी विचारलं.

वॉर्डात काहीच आवाज झाला नाही. साहेब मात्र ऐकत असल्यासारखे उभे राहिले. मग म्हणाले, “बरं. बघतो मी.” आणि दिवा विझला.

मग समोरच्या रांगेत एक दिवा लागला. साहेब तिकडे गेले. मग दाराजवळ. मग मधला. बेल एकेकदाच वाजे, घाई न करता, आपला नंबर आल्यासारखी. साहेब एका खाटेवरून दुसरीकडे जात होते आणि मी दोन पावलं मागे, जशी रोज असते. माझ्या हातात कागद नव्हता, पेन नव्हतं, हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी ते मागे बांधून घेतले. एका खाटेचा दिवा साहेबांनी विचारपूस केली तरी विझेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मानेला वाऱ्याची बारीक झुळूक लागली. त्या खाटेवरची हवेची झडप उघडी राहिली होती. मी स्टुलावर चढून ती ओढून घेतली आणि दिवा विझला.

“छान,” साहेब म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शेवटचा दिवा विझल्यावर आम्ही दोघं जिन्यात आलो. साहेब पायरीवर बसले. इस्त्रीच्या पँटनिशी, त्या धुळीत. मी त्यांच्याजवळ उभी राहिले. मग त्यांनी माझ्याकडून पेन मागितलं. पेन बिलिंगच्या मुलीकडे होतं.

डिस्चार्ज झाला. ‘काही आजार नाही’ हे संगणकाला मान्य नव्हतं, त्याला आजाराचं नाव हवं होतं, म्हणून साहेबांनी ‘थकवा’ निवडलं. हे वन्संना कळलं आणि त्यांनी ते सगळ्या नात्यात कळवलं. माझं कार्ड पुन्हा चालायला लागलं. माझ्या खुर्चीची उंची मात्र त्या मुलीने बदलली होती, ती अजून पूर्ववत झालेली नाही.

पुढची मीटिंग छत दुरुस्त झालेल्या सभागृहात झाली. पहिलाच विषय इमारत पाडण्याचा. आकडेसाहेबांनी कागद सगळ्यांपुढे सरकवले. मॅडमनी पेन उघडलं. मोठे साहेब कागदाला हात न लावता म्हणाले, “पाडता येणार नाही. वर पेशंट आहेत.”

मी चहाची किटली खाली ठेवली. मला वाटलं आता साहेबांना घरी बसवतील, आणि त्यांच्यामागे मलाही. वयाच्या या टप्प्यावर दुसरी नोकरी कोण देणार, आणि गेल्या नोकरीतलं शेवटचं काम काय म्हणून सांगणार?

आकडेसाहेबांनी पेन उचललं. मग म्हणाले, “किती?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आकडे देणं माझं काम. मी घसा साफ केला. “सगळ्या खाटा भरलेल्या आहेत, सर.”

कोणी हसलं नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. तिथून जुन्या इमारतीचा वरचा मजला दिसतो. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या हाताखालच्या मुली त्या जिन्याने जायला का नाही म्हणतात, ते मी कधी विचारलं नाही.” “मग तिथे एक सिस्टर द्यावी लागेल. पेशंटना एकटं ठेवता येत नाही.”

“दिवसपाळीला,” आकडेसाहेब लिहीत म्हणाले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, “आणि रात्री?”

मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखत नव्हते, असं मला वाटलं.

सिस्टर मिळाल्या. निवृत्तीला आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. मॅडमनी त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. मी त्यांना वर घेऊन गेले. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, चष्मा चढवला आणि वॉर्डभर नजर फिरवली. काही विचारलं नाही. फक्त मला म्हणाल्या, “तुम्ही जा आता. राउंडच्या वेळी गर्दी नको.”

संध्याकाळी पाळी संपल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या. रात्रपाळीची सिस्टर अजून ठरायची होती, म्हणून वॉर्डाचा निरोप त्यांनी मला दिला. “दिवस बरा गेला,” त्या म्हणाल्या. “दाराजवळच्या बाईंना जरा बेचैनी होती, त्यांच्याशी बोलत बसले. आता झोपल्यात. खिडकीजवळचे आजोबा मात्र सकाळपासून मोठ्या डॉक्टरांची वाट बघतायत. म्हणाले, घाई नाही, कामं उरकली की या म्हणावं.”

ती खाट मला चांगली ठाऊक होती. पण माझ्या कामात निरोप कोणाचा हे विचारायचं नसतं, तो पोचवायचा असतो. सिस्टर गुडघा चोळत घरी गेल्या. मी पदर सारखा केला, साहेबांच्या दारावर टकटक केली आणि निरोप जसाच्या तसा सांगितला.

साहेबांनी हातातला फोन खाली ठेवला. उठून कपाटातून स्टेथोस्कोप काढला. आता त्याची जागा त्यांनाही ठाऊक झाली होती. दाराशी ते थांबले.

“जेवले का ते?” त्यांनी विचारलं.

“विचारून सांगते, सर,” मी म्हणाले, आणि त्यांच्यामागे दोन पावलांवर चालायला लागले.